एकाच बाटलीतले दोघे

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर, रिपोर्ट मिळण्याच्या खिडकीशी सहसा जात नाही. त्या दिवशी गेले, कारण क्लार्क जेवायला गेला होता आणि बाहेरून कोणीतरी नाण्याने काच वाजवत होतं. जुलैतली दुपार. पाऊस इतका की समोरची इमारत दिसत नव्हती, पॅसेजभर छत्र्यांचं पाणी, फिनेलचा आणि ओल्या कपड्यांचा एकत्र वास. काच वाजवणारा पस्तिशीतला माणूस होता. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, फाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली. त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, वॉर्डातल्या डॉक्टरांनी हे पाठवलंय. यात दोन नावं आहेत. आईला झालाय तो यातला कुठला?" मी वाचलं. रक्तात सापडलेल्या जंतूंचा रिपोर्ट. वर क्लेबसिएला, दुसऱ्या पानावर एन्टेरोकॉकस. म्हटलं, "दोन्ही." तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग अगदी नम्रपणे, मला दुरुस्त करावं की नको अशा बेताने म्हणाला, "पण मॅडम, ताप तर एकच येतोय."

मी उत्तर दिलं. किमोमुळे पांढऱ्या पेशी खाली गेल्यात, आतड्याचं अस्तर सोललंय, तिथून जंतू रक्तात शिरतात, एकाच वेळी दोन प्रकारचे शिरू शकतात. तो "बरं" म्हणाला, "दोन्हीचं औषध चालू आहे ना?" एवढं विचारून गेला. तसं बघितलं तर संपूर्ण विषयातला सर्वांत शहाणा प्रश्न हाच. पण माझ्या डोक्यात राहिलं ते आधीचं वाक्य. संध्याकाळी दादरला गाडी बदलताना, घरी कुकर लावताना, ते मध्येच वर यायचं. कारण त्याच्या वाक्यात जे तर्कशास्त्र होतं ते अडाण्याचं नव्हतं. एक आजार, एक कारण, एक औषध. आम्हाला कॉलेजात तेच तर शिकवलं, आणि तेही फार मारून मुटकून.

एम.डी.च्या पहिल्या वर्षी प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची जेलीची बशी, लावायला शिकतात. तारेचा लूप ज्योतीत लाल करायचा, गार होऊ द्यायचा, नमुन्यातला थेंबभर उचलायचा आणि प्लेटच्या एका कोपऱ्यात रेघा ओढायच्या. पुन्हा लाल करायचा, प्लेट फिरवायची, पुढच्या भागात रेघा. चौथ्या भागात पोहोचेपर्यंत जंतू इतके विरळ व्हायला हवेत की दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकटा ठिपका उगवला पाहिजे. आमचे सर प्लेट उजेडाकडे तिरकी धरून फक्त तो चौथा भाग बघायचे. ठिपके सुटे आणि एकाच जातीचे असले तर "हं". दोन जाती दिसल्या तर एकच शब्द, "परत". लघवीच्या नमुन्यात तीन प्रकारची वाढ आली की आजही आम्ही 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा' असं लिहून मोकळे होतो. मिश्र म्हणजे मळलेलं, हे समीकरण हातात इतकं मुरतं की पुढे रक्ताच्या बाटलीतही ते आपोआप लागू होतं.

त्या शुद्धतेच्या वेडाला कारणही होतं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांना सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवावे लागत. मग जिलेटिन आलं, तर ते उबवणपेटीच्या उष्णतेत वितळायचं आणि वेगळे केलेले सगळे ठिपके पुन्हा एकमेकांत मिसळायचे. १८८१ च्या सुमाराला त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नीने, फॅनी हेस यांनी, अगर वापरून बघा असं सुचवलं. त्या घरी मुरांबे आणि जेलीत अगर घालायच्या. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते ठाऊक झालं होतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. उन्हाळ्यात माझी आई त्याचं दुधातलं पुडिंग करायची, वर टूटीफ्रूटी. ते थाळीत थरथरायचं पण वितळायचं नाही, आणि ३७ अंशांना न वितळणं हाच तर सगळा मुद्दा. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरचा निबंध लिहिला, त्यात अगरचा ओझरता उल्लेख आहे, हेस दांपत्याचा नाही. असो. त्या थरथरत्या पृष्ठभागावर उबवणपेटीतही जंतू एकमेकांपासून सुटे राहिले. आणि जंतू सुटे काढता आले म्हणूनच एका रोगाला एक जंतू हे दाखवता आलं. पटकी, क्षय, घटसर्प, बशीत अगर असो वा दुसरं काही, सगळे असे सुटे काढूनच पकडले गेले. ज्याच्या जिवावर अख्खं शास्त्र उभं राहिलं त्या सवयीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. फक्त ती सवय धडधाकट माणसाचं शरीर गृहीत धरून चालते.

धडधाकट माणसाच्या रक्तात दोन जंतू एकदम सापडणं खरोखरच विरळा. एखादा शिरलाच तर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला गाठतात. किमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत या न्यूट्रोफिलची संख्या तळाला जाते. मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेली की वॉर्डात वातावरणच बदलतं, नातेवाइकांना मास्क लागतो, घरचा डबा बंद होतो. १०१ ताप एकदा जरी आला तरी रिपोर्टची वाट न बघता तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं, हा नियम. कारण अशा रुग्णात दुसरी काही खूणच नसते. हे विद्यार्थ्यांना सांगताना मी दरवेळी थांबते: पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. पेशीच नाहीत तर पू नाही, सूज नाही, लाली नाही. फुप्फुसात संसर्ग असून एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. पोटात आतडं सडत चाललेलं असतं आणि पोट नुसतं "जरा दुखतंय". शरीर तक्रार करायचं थांबवतं, आणि उरतो तो फक्त थर्मामीटरचा आकडा. एक ताप. त्याच्यामागे किती जण आहेत हे तो आकडा सांगत नाही.

ते सांगायचं काम मग रक्तातले जंतू वाढवायच्या बाटलीवर येतं. मामा वॉर्डातून बाटल्या ट्रेमध्ये घेऊन येतात, एक हवा लागणाऱ्या जंतूंसाठी, एक हवा न लागणाऱ्यांसाठी, आणि मशीनच्या खोबणीत त्या बसतात. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या बुडाची चकती हिरवट करड्या रंगाची असते ती पिवळी पडते, मशीन वाजतं. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं आणि अशा दोन बाटल्यांचे किमान दोन संच, वेगवेगळ्या जागांहून. हे सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली की कळतं, तीन मिली, कधी त्याहून कमी. मला याचा राग यायचा, आता तितका येत नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सहावर आहे, शिरा सुकून दोऱ्यासारख्या झाल्यात, जिचा मुलगा उशाशी उभा राहून "रोज एवढं रक्त कशाला काढता" विचारतो, तिच्या हातातून चाळीस मिली काढणाऱ्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला मी वर्गातलं काय ऐकवणार? पण मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू किती असतात ते पाहा: पुष्कळदा मिलीलीटरमागे एकसुद्धा नाही. सगळं बोंबललेलं असताना, रुग्ण तापाने फणफणलेला असताना, पाच मिलीत एखादा. तीन मिली घेतलं तर पहिला सापडेल, दुसरा शिरेतच राहील. रिपोर्टवर एक नाव छापून येईल आणि ते नाव खरंच असेल. अपुरं असेल एवढंच.

समजा दोघेही बाटलीत आले. तरी पुढे पंगत आहे आणि पंगतीत एक दांडगा बसलाय. क्लेबसिएला किंवा ई. कोलाय वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. शेजारी जो हळू खाणारा आहे त्याच्या वाट्याला पानात मीठच उरतं. स्युडोमोनास नावाचा जंतू असला की कॅन्डिडा ही बुरशी वाढायला मागत नाही, तो तिला दाबूनच टाकतो. मशीन वाजतं तेव्हा बाटलीत मिलीलीटरमागे कोटीच्या घरात जंतू झालेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लाखभर तरी लागतात. म्हणजे पहिला कोटीवर आणि दुसरा लाखाच्या आत, अशी स्थिती असली तर दुसरा तिथे आहे, जिवंत आहे, आणि तरी माझ्या डोळ्यांसाठी नाही.

डोळ्यांबद्दल बोलायलाच हवं. बाटली वाजली की पहिलं काम ग्रॅमचं. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या तरुण डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या शवागारात, न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना ही पद्धत शोधली. जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, मग गुलाबी रंग, हा शेवटचा मात्र पुढे इतरांनी जोडलेला. ज्याची भिंत जाड तो जांभळा राहतो, पातळ तो गुलाबी होतो, त्यालाच ग्रॅम निगेटिव्ह म्हणतात. इतक्या वर्षांत यात फारसं काही बदललेलं नाही. आजही बोटांची नखं जांभळी असलेली मुलगी लिफ्टमध्ये दिसली की ओळखायचं, मायक्रोची. स्लाइडवर तेलाचा थेंब, लेन्स खाली, आणि सगळीकडे गुलाबी काड्या. भरपूर. इथे डोळा सुखावतो आणि उठायला बघतो. जे शोधत होतो ते मिळालं. नेमकं तेव्हा बसून राहायचं असतं. कुठेतरी कडेला चार जांभळे दाणे, म्हणजे कॉकाय, जोडीजोडीने. रंगाचा साका आहे का? थर जाड होता म्हणून धुतला गेला नाही का? की खरंच कोणी आहे? मी पुढच्या मुलींना सांगते, पहिला सापडल्यावर स्लाइड जेवढा वेळ बघितलीत तेवढाच वेळ आणखी बघा. त्या ऐकतात, पण ट्रेमध्ये अजून बाटल्या वाट बघत असतात आणि फोन वाजत असतो.

दुसरा दिसला की खरी पंचाईत सुरू होते.

कारण आता त्याला विचारायला हवं, तू रक्तात होतास की कातडीवर? स्टॅफिलोकॉकसची एक सौम्य जात आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते. सुई टोचताना ती सोबत बाटलीत येऊ शकते. क्लोरहेक्सिडिन लावून ते तीस सेकंद वाळू द्यायचं असतं, आणि तापलेल्या रुग्णापुढे, रात्री तीनला, तीस सेकंद फार मोठे वाटतात. नियम असा की दोन संचांपैकी एकाच बाटलीत ही जात आली तर ती बहुधा कातडीची. दोन्ही संचांत आली तर दखल घ्यायची. धडधाकट माणसासाठी नियम चांगला आहे. पण ज्याच्या छातीत महिनोन् महिने किमोची लाइन, म्हणजे शिरेत ठेवलेली नळी, बसवलेली आहे आणि पेशी शंभरावर आल्यात, त्याच्यात हाच सोज्वळ शेजारी लाइनच्या नळीवर थर धरून बसतो आणि रक्तात उतरतो. म्हणून लाइनमधून एक संच आणि हातातून एक, एकाच वेळी, सारख्याच मापाने घ्यायचा. लाइनमधली बाटली दोन तास किंवा त्याहून आधी वाजली तर मुक्काम लाइनमध्ये. त्यासाठी बाटलीवर वेळ लिहिलेली हवी, आणि बाटल्या वॉर्डातल्या टेबलावर पडून न राहता लगेच खाली यायला हव्यात. पुष्कळदा वेळही नसते आणि दुसरा संचही नसतो. उरतो तो एक दाणेदार प्रश्न आणि माझा अंदाज. 'बहुधा त्वचेवरचा' असं लिहिलं आणि तो खरा निघाला तर औषध चुकलं. 'दखल घ्या' असं लिहिलं आणि तो कातडीचा निघाला, तर आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक विनाकारण चढलं. दोन्हीकडे किंमत रुग्णच मोजतो, सही माझी.

बाटलीत कोण कधी शिरलं हा वाद या शहराला नवा नाही. १८९६ मध्ये प्लेग आल्यावर जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढवायच्या त्यांच्या काढ्यात वर साजूक तुपाचे थेंब सोडलेले असायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली, आजही संस्था तिथेच आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकशे सात जणांना टोचलं, त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बाटलीत दुसरा जंतू होता. तो परळहून निघतानाच होता, की गावात बूच काढताना आला? चौकशीत सुरुवातीला दोष परळकडे आला, हाफकिन यांना बाजूला केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला आणि १९०७ मध्ये त्यांचं नाव साफ झालं. तोवर पाच वर्षं गेली होती, आणि माणूसही आतून गेला असावा असं मला त्यांचा नंतरचा फोटो बघून वाटतं. मी त्या आवाराजवळून जाते तेव्हा त्या चिमट्याचा विचार येतो. माझ्या रेसिडेंटचे ते तीस सेकंदही त्याच जातीचे.

पण एक जुनी गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे मला मिश्र वाढीची भीती वाटायची कमी झाली. शिकत असतानाची. कोकणातले एक म्हातारे गृहस्थ वॉर्डात होते, फुप्फुसाच्या कसल्याशा आजारासाठी बरेच दिवस स्टेरॉइडवर. ताप आला, रक्तात ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस. औषध झालं, ताप उतरला. काही दिवसांनी पुन्हा ताप, या वेळी क्लेबसिएला आणि आणखी कोणी. आतड्यातलेच सगळे, पण आतड्याचा काहीच आजार सापडेना. वॉर्ड म्हणे तुमची प्लेट मळलेली, आम्ही म्हणत होतो तुमची सुई. भांडण चांगलं रंगलं होतं. मग एके सकाळी त्यांच्या थुंकीची रक्त-अगरची प्लेट उबवणपेटीतून काढली तर तिच्यावर आम्ही ओढलेल्या रेघा होत्याच, पण त्यांना छेदून एक भलतीच, नागमोडी, ठिपक्यांची माळ प्लेटभर हिंडून गेली होती. अशी रेघ कोणत्याही लूपने ओढली जात नाही. सरांनी प्लेट तशीच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, बघितलं आणि खुर्ची मला दिली. अळी होती. वळवळत होती.

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. भाताच्या खाचरात लहानपण गेलेल्या माणसाच्या आतड्यात तो दशकानुदशकं निमूट राहू शकतो, स्वतःचीच पिल्लं पुन्हा त्याच शरीरात वाढवत. प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. स्टेरॉइडने ती ढिली पडली की अळ्या हजारोंनी आतड्याची भिंत फोडून निघतात, फुप्फुसात, कधी मेंदूच्या आवरणात, आणि जाताना आतड्यातले जंतू अंगावर आणि पोटात घेऊन जातात. म्हणून रक्तात दरवेळी जोडी, आणि दरवेळी वेगळी जोडी. रक्ताच्या बाटलीत अळी कधी वाढणार नव्हती. स्टेरॉइडमुळे रक्तात इओसिनोफिलही, म्हणजे जंत असला की वाढणाऱ्या पेशीही, वाढलेले नव्हते. खुणेला होती ती फक्त ती मिश्र वाढ, जिला आम्ही दोन्ही बाजूंनी घाण ठरवत होतो. एकटा ई. कोलाय आला असता तर लघवीचा संसर्ग म्हणून सुटला असता. सोबत एन्टेरोकॉकस होता आणि आठवड्याने दुसरे दोघे आले, म्हणून वाट दिसली. आजोबांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध मिळालं.

तेव्हापासून मी जोड्या बघायला लागले. क्लेबसिएला आणि एन्टेरोकॉकस, सोबत हवा न लागणारा एखादा: आतडं बघा, उजव्या कुशीत दुखतं का विचारा, सीटी करा. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस आणि नळाच्या पाण्यात राहणारा एखादा: लाइन बघा, ती अंघोळीत भिजते का विचारा. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस: जीभ सोललीय का, पाणी तरी गिळतायत का. वेगळे काढले की प्रत्येकाचं नाव कळतं आणि औषध ठरतं, त्याला पर्याय नाही. मिसळलेल्या वाढीवर औषधाची चाचणी लावली तर ती धडधडीत खोटं बोलते, म्हणून आधी एकेक ठिपका उचलून शुद्ध करायचा, त्यात एक दिवस आणखी जातो. पण ते कुठून आले हे त्यांच्या सोबतीवरून कळतं. या गोष्टीसाठी आमच्या रिपोर्टात जागा नाही. संगणकाच्या ज्या प्रणालीत आम्ही रिपोर्ट टाकतो तिच्यात पहिल्या पानावर पहिला जंतू येतो, त्याच्या औषधांचा तक्ता येतो आणि पान संपतं. दुसरा जंतू दुसऱ्या पानावर. वॉर्डातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो तो पहिल्या पानाचा फोटो. क्लेबसिएलासाठी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू होतं, एन्टेरोकॉकसची एक जात त्याला जुमानत नाही, आणि दोन दिवसांनी राउंडला कोणीतरी विचारतं, योग्य औषध चालू असून ताप का उतरत नाही. खिडकीवरच्या त्या माणसाकडे दोन्ही पानं पोहोचली होती हे त्याचं नशीब.

नवी यंत्रं आली आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. लेझरने जंतूची प्रथिनं उडवून त्यांच्या वजनावरून ओळखणारं मॅल्डी आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आदल्या दिवशी उगवलेल्या ठिपक्याचं नाव मिनिटांत. पण बाटलीतला मिश्र ऐवज थेट दिला तर ते बहुतेक वेळा दांडग्याचंच नाव घेतं, किंवा गप्प बसतं. जंतूंचा डीएनए शोधणारं पीसीआरचं पॅनल त्याहून हुशार. साधारण तासाभरात दोघा-तिघांची नावं आणि प्रतिकाराची जनुकं एकदम. इथे नवी गंमत होते. पॅनल सांगतं, क्लेबसिएला आहे, ई. कोलाय आहे आणि मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं एनडीएमचं जनुकही आहे. ते दोघांपैकी कोणाच्या खिशात आहे हे सांगत नाही, त्यासाठी पुन्हा माझा लूप आणि चौथा भाग. यादीत नसलेला जंतू त्याला दिसत नाही, आणि बाटलीच्या काढ्यात आधीपासून पडलेल्या मेलेल्या जंतूचा डीएनए मात्र कधी कधी दिसतो. शिवाय एका चाचणीला काही हजार रुपये. गावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबाला ते हजार कुठून आणायला सांगायचे, हा विचार करूनच वॉर्ड ती चाचणी लिहितो किंवा लिहीत नाही. तो निर्णय वैद्यकीय असतो असं फॉर्मवर म्हटलेलं असतं.

त्या आईंचं पुढचं कल्चर मीच बघितलं, मुद्दाम. पाच दिवस मशीनमध्ये राहिलं आणि काही वाढलं नाही. पेशीही वर यायला लागल्या होत्या. मुलगा पुन्हा खिडकीशी आला असला तर मला कळलं नाही, क्लार्क जागेवर होता. आज विचारलं तर मी त्याला म्हणेन, ताप एकच आहे, बरोबर आहे तुमचं, कारण वाट एकच फुटलीय. तिच्यातून दोघे आले. हे मला त्या दुपारी सुचलं नव्हतं आणि तसं सुचून त्याच्या आईला काही फरक पडला असता असंही नाही.

मागच्या आठवड्यात रात्री रेसिडेंटचा फोन आला. नवा मुलगा आहे, वॉर्डात महिनाही झाला नसेल. "मॅडम, तुमच्याकडून ग्रॅम सांगितलाय, दोन्ही बाटल्यांत ग्रॅम निगेटिव्ह काड्या आणि एका बाटलीत थोडे कॉकाय. ते कॉकाय सोडून देऊ ना? एकाच बाटलीत आहेत."

"लाइन आहे का?"

"पोर्ट आहे. पेशी ऐंशी."

"दुसरा संच घेतलायस?"

"नाही मॅडम, एकच निघाला. हिमोग्लोबिन साडेसहा, नातेवाईक आधीच चिडलेत."

"पोर्टमधून एक संच घे, हातातून एक. बाटल्यांवर वेळ घाल. नातेवाइकांशी मी बोलते, वर येतेय."

"आत्ता?"

"लिफ्ट चालू आहे ना तुमच्याकडची?"

"बंद आहे, मॅडम."

"मग दहा मिनिटं लागतील. तोवर क्लोरहेक्सिडिन वाळू दे."